‘मॅकबेथ’मधली माणसे कशी वाचायची? शेक्सपिअरच्या शोकांतिकेतील स्वभाव आणि भाषा

इंग्रजी साहित्य विषय असलेल्या मुलांच्या घरी निकालानंतर एक कोडे हमखास पडते. ‘लेडी मॅकबेथच्या व्यक्तिरेखेची चर्चा करा’ असा प्रश्न आलेला असतो. मुलीने गाइडमधली विशेषणे चोख पाठ केलेली असतात. लेडी मॅकबेथ महत्त्वाकांक्षी आहे, क्रूर आहे, नवऱ्याला भरीला घालणारी आहे आणि शेवटी अपराधाच्या ओझ्याने खचलेली आहे, हे सगळे तिने शुद्ध इंग्रजीत उतरवलेले असते. कथानकातही चूक नसते, आणि तरीही निम्मे गुण गेलेले असतात. समासात शिक्षकांचा शेरा असतो : ‘भाषेचा विचार नाही.’ पालकांना हा शेरा उमगत नाही, कारण प्रश्न स्वभावाविषयी होता; त्यात भाषेचा संबंध आला कुठून?

शेक्सपिअरचे अख्खे नाटक शाळेतच शिकवणाऱ्या शाळा मराठवाड्यात फार नाहीत. तरी बी.ए.ला इंग्रजी घेणारी मुले लातूर, नांदेड, परभणी, बीड, धाराशिव अशा सगळ्याच जिल्ह्यांत आहेत, आणि त्यांतली बरीच मराठी माध्यमातून आलेली असतात. शिवाय परीक्षा मंडळे पाठांतराऐवजी आकलन तपासणारे प्रश्न वाढवत आहेत, त्यामुळे हा शेरा इथून पुढे अधिक मुलांच्या वाट्याला येणार आहे. म्हणून तो नीट समजून घेतला पाहिजे.

आधी गोष्ट, थोडक्यात

‘मॅकबेथ’ साधारण १६०६च्या सुमारास लिहिले गेले आणि शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १६२३ मध्ये, त्याच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित आवृत्तीत छापले गेले. स्कॉटलंडचा राजा डंकन याचा शूर सरदार मॅकबेथ लढाई जिंकून परतत असताना त्याला आणि त्याचा सहकारी बँको याला माळावर तीन चेटकिणी भेटतात. मॅकबेथ राजा होईल आणि बँकोचे वंशज राजे होतील, असे भाकीत त्या करतात. मॅकबेथ ही हकीकत पत्राने बायकोला कळवतो. डंकन त्यांच्याच गढीत मुक्कामाला येतो आणि त्या रात्री नवराबायको मिळून त्याचा काटा काढतात. राजा झालेला मॅकबेथ पुढे बँकोला मारवतो, मॅकडफ या सरदाराच्या बायकामुलांना मारवतो. लेडी मॅकबेथ झोपेत चालू-बोलू लागते आणि मरते. अखेर मॅकडफच्या हातून मॅकबेथचा शेवट होतो आणि डंकनचा मुलगा माल्कम गादीवर येतो.

मोठ्या योग्यतेचा माणूस बऱ्याच अंशी स्वतःच्याच निवडीमुळे विनाशाकडे जातो आणि ते पाहताना आपल्याला भीतीही वाटते व हळहळही वाटते, अशा नाटकाला शोकांतिका म्हणतात. यातली हळहळ विद्यार्थ्यांच्या उत्तरांतून सर्वांत आधी गळते. मॅकबेथ नुसता दुष्ट असता तर त्याच्या मरणाचे कोणाला काही वाटले नसते आणि हे नाटक शोकांतिका ठरले नसते.

पात्र कशाचे बनलेले असते?

हे समजायला पैठण पुरेसे आहे. एकनाथांच्या ‘विंचू चावला’ या भारुडात जो माणूस घामाघूम होऊन तडफडतो, तो एकनाथ नव्हे, हे मराठवाड्यातल्या कोणत्याही श्रोत्याला सांगावे लागत नाही. जोशी, वासुदेव, आंधळा, वेडी अशी किती तरी सोंगे नाथांनी घेतली, आणि प्रत्येक सोंगाचे बोलणे त्या सोंगाचे आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. तो जोशी कोणत्या गावचा, त्याला मुले किती, असे कोणी विचारत नाही. तो जे बोलतो तेवढाच तो आहे, आणि त्याचे बोलणे वरवर एक सांगते व आत दुसरेच सांगते, हे धरूनच आपण भारूड ऐकतो. शेक्सपिअरचे पात्रही असेच शब्दांचे बनलेले असते. (एकनाथांनी १५९९ मध्ये देह ठेवला आणि लंडनमध्ये शेक्सपिअरच्या मंडळीचे ग्लोब नाट्यगृह उभे राहिले तेही १५९९ मध्येच, दोन्ही परंपरा एका काळातल्या आहेत, हे विद्यार्थ्यांना सांगितले की त्यांची भीड थोडी चेपते.)

ही गोष्ट इंग्रजी समीक्षेलाही वादाशिवाय उमगलेली नाही. ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत शेक्सपिअरच्या पात्रांचा विचार जवळजवळ जिवंत माणसांसारखा केला, आणि त्यांचे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वर्गांतून वाचले गेले. १९३३ मध्ये एल. सी. नाइट्स यांनी त्या पद्धतीला आव्हान देणारा निबंध लिहिला आणि त्याला मुद्दाम नाव दिले, ‘लेडी मॅकबेथला मुले किती होती?’ नाटकात ती एके ठिकाणी म्हणते की आपण बाळाला पाजले आहे. पण ते मूल कुठेही दिसत नाही. नाइट्स यांचे म्हणणे असे की या प्रश्नाचे उत्तर नाटकाच्या शब्दांत नाही, म्हणून तो प्रश्न वाचकाचा नव्हे.

मग वाचकाचा प्रश्न कोणता? ते वाक्य ती कधी आणि कोणाला म्हणते, हा. पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात मॅकबेथने नुकतेच सांगितले आहे की हा बेत आपण पुढे न्यायचा नाही. त्यावर ती म्हणते : पाजत्या बाळावर जीव जडणे म्हणजे काय हे मला माहीत आहे, पण तुम्ही शपथ घेतलीत तशी मी घेतली असती, तर ते माझ्याकडे पाहून हसत असतानाच मी त्याला दूर ओढून आपटले असते. या वाक्यातली क्रूरता उघड आहे. पण तिने उदाहरण म्हणून जगातल्या सगळ्या गोष्टींतून स्वतःला ठाऊक असलेली सर्वांत कोवळी गोष्ट निवडली, हेही तितकेच उघड आहे. माया माहीत नसलेल्या बाईला हे वाक्य सुचणार नाही. पुढच्याच अंकात ती एकटी असताना म्हणते की झोपलेला डंकन माझ्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच ते केले असते. ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की ‘क्रूर’ हे विशेषण खोटे ठरत नाही, पण अपुरे पडते. शेऱ्यातला ‘भाषेचा विचार’ म्हणजे नेमके हेच शेजारी ठेवणे.

माझ्या मते नाइट्स यांची शिस्त शाळेला आवश्यक आहे. मात्र ब्रॅडलींना हद्दपार करण्याचेही कारण नाही. पात्राविषयी माणसासारखी कणव वाटल्याखेरीज कोणी नाटक शेवटपर्यंत वाचत नाही.

कोण बोलते, कोणासमोर बोलते

नाटकाच्या शेवटी माल्कम मॅकबेथला खाटीक आणि त्याच्या राणीला सैतानासारखी म्हणतो. हे शब्द विद्यार्थ्यांच्या उत्तरांत निकालपत्रासारखे येतात. पण ते माल्कमचे शब्द आहेत. त्याच्या बापाचा खून झालेला आहे, तो नुकताच गादीवर बसतो आहे आणि त्याला समोरच्या सरदारांना हेच सांगायचे आहे. मॅकबेथ दांपत्य एकांतात काय बोलले हे त्याने ऐकलेले नाही. आपण ऐकलेले आहे. उलट नाटकाच्या दुसऱ्याच प्रवेशात एक जखमी सैनिक मॅकबेथने शत्रूला बेंबीपासून जबड्यापर्यंत कसे चिरले ते सांगतो, आणि तेव्हा राजा त्याला शूर आणि थोर म्हणतो. तीच तलवार आणि तोच हात, आधी गौरवाचा आणि नंतर खाटकाचा. हे नाटक हिंसेविषयी काय विचारते आहे, ते या दोन वर्णनांमधल्या अंतरात आहे.

एखादे पात्र एकटे असताना मोठ्याने विचार करते, त्याला स्वगत म्हणतात. नाटकातल्या सगळ्या बोलण्यात स्वगत सर्वांत भरवशाचे, कारण तिथे फसवायला समोर कोणी नसते. मॅकबेथचे स्वगत वाचताना आश्चर्य वाटते ते याचे की खुनाविरुद्धची सगळी कारणे तोच मांडतो : मी डंकनचा नातलग आहे, त्याचा प्रजाजन आहे, आणि आज त्याचा यजमान आहे, म्हणजे मी दार राखायचे, सुरी स्वतः उचलायची नव्हे, शिवाय हा राजा इतका सौम्य आहे की त्याचे गुण देवदूतांसारखे आक्रोश करतील. बाजूने काय, तर फक्त उडी मारणारी महत्त्वाकांक्षा. एवढे स्वच्छ दिसत असूनही तो पुढे जातो. न समजता पाप करणारा आणि पूर्ण समजून करणारा यांत मॅकबेथ दुसरा आहे, म्हणून त्याची भीती वाटते आणि हळहळही.

आणखी एक गोष्ट प्रेक्षकाला माहीत असते आणि पात्राला नसते, तेव्हा साधे वाक्यही धारदार होते. मागे विश्वासघात केलेल्या एका सरदाराविषयी डंकन म्हणतो की चेहऱ्यावरून मन ओळखण्याची कला अस्तित्वात नाही, त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास होता. आणि हे वाक्य पुरे होताच रंगमंचावर मॅकबेथ येतो. डंकन त्याला मिठीच मारायची बाकी ठेवतो. इथे लेखकाने टीका म्हणून एक शब्दही लिहिलेला नाही, फक्त प्रवेशाची वेळ साधली आहे.

लेडी मॅकबेथ राजाच्या मुक्कामाची तयारी सांगताना म्हणते की येणाऱ्या पाहुण्याची व्यवस्था बघायला हवी. ‘व्यवस्था बघणे’ याचे दोन्ही अर्थ मराठी कानाला लगेच कळतात. ‘खून’ हा शब्द न उच्चारता ती खुनाचा बेत पक्का करते. हे नवराबायको नको असलेल्या शब्दांना अशी वाट काढून देतात, ‘ते काम’, ‘आज रात्रीचा मोठा व्यवहार’. आणि जे तोंडाने टाळले तेच पुढे झोपेत तोंडातून बाहेर पडते.

उजेड आणि अंधार : एकच धागा शेवटपर्यंत

ग्लोबमध्ये प्रयोग दुपारी होत असत आणि मधला भाग उघडा होता, म्हणजे दिव्यांचा अंधार-उजेड करण्याची सोय नव्हती. सायमन फोरमन नावाच्या प्रेक्षकाने १६११ मध्ये ‘मॅकबेथ’ ग्लोबमध्ये पाहिल्याची नोंद ठेवलेली आहे. त्याने पाहिलेली डंकनच्या खुनाची रात्र भर दिवसा घडलेली होती. रात्र उभी करायची तर ती पात्रांच्या तोंडूनच. म्हणून या नाटकात अंधाराविषयीची वाक्ये सर्वत्र पसरलेली आहेत, आणि त्यांचा माग काढला की दोन्ही पात्रांचा प्रवास कळतो. एखादे चित्र किंवा वस्तू नाटकात वारंवार येऊन अर्थ गोळा करत जाते तेव्हा तिला प्रतिमा म्हणतात.

पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात, डंकनने माल्कमला वारस जाहीर केल्यावर, मॅकबेथ स्वतःशी म्हणतो : ताऱ्यांनो, आपले अग्नी झाका, माझ्या काळ्या आणि खोल इच्छा उजेडाला दिसू नयेत, हात जे करेल ते डोळ्याने पाहू नये. लगेच पुढच्या प्रवेशात, दूर गढीत बसलेली त्याची बायको म्हणते : दाट रात्री, ये, नरकाच्या धुराने स्वतःला गुंडाळून घे, म्हणजे माझ्या धारदार सुरीला ती करत असलेली जखम दिसणार नाही, आणि अंधाराच्या घोंगडीतून डोकावून स्वर्ग ‘थांब, थांब’ असे ओरडणार नाही. दोघे अजून भेटलेले नाहीत. तरी दोघे एकच मागणे मागतात, आणि दोघांनाही नको आहे ती स्वतःची नजर. त्याला आपल्या डोळ्याची भीती वाटते, तिला आपल्या सुरीच्या डोळ्याची. बायकोने भोळ्या नवऱ्याला बिघडवले, असे एका ओळीत लिहिणाऱ्याने हे दोन प्रवेश एकापाठोपाठ वाचावेत. विचार दोघांच्या मनात स्वतंत्रपणे उगवलेला आहे. आणि चेटकिणींनीही खून कर असे कुठेच म्हटलेले नाही. त्यांनी फक्त तू राजा होशील असे म्हटले.

खुनाच्या रात्री बँको आभाळाकडे पाहून म्हणतो की वर काटकसर चालली आहे, सगळ्या मेणबत्त्या विझलेल्या आहेत. मॅकबेथने ताऱ्यांकडे मागितलेले त्याला मिळाले, हे बँकोला ठाऊक नाही.

तिसऱ्या अंकात मॅकबेथ बँकोच्या खुनाची योजना करतो, पण बायकोला सांगत नाही. लाडके, तू हे न जाणताच निर्दोष राहा, असे तो म्हणतो आणि लगेच रात्रीला हाक मारतो : डोळे शिवणाऱ्या रात्री, ये, कनवाळू दिवसाच्या कोवळ्या डोळ्यावर पट्टी बांध. शिकारीच्या ससाण्याला माणसाळवताना त्याच्या पापण्या शिवत असत, तो शब्द इथे आहे. ‘रात्री, ये’ ही हाक पहिल्या अंकात बायकोची होती. आता ती नवऱ्याच्या तोंडी आली आहे आणि बायको मुकाट्याने ऐकते आहे. सूत्रे तिच्या हातून त्याच्या हातात गेली, हे नाटकात कोणी सांगत नाही. तिचे शब्द त्याच्याकडे गेले यावरून ते कळते. त्याच प्रवेशाच्या सुरुवातीला ती एकटी असताना चारच ओळी बोलते, की सगळे खर्ची पडले आणि हाती समाधान आले नाही. पण नवरा येताच आवाज बदलून त्यालाच धीर देऊ लागते. या दोघांमधली दरी त्या बदलत्या आवाजात ऐकू येते. मेजवानीच्या प्रवेशानंतर ती पाचव्या अंकापर्यंत रंगमंचावर दिसतच नाही.

पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात ती झोपेत चालत येते तेव्हा तिच्या हातात मेणबत्ती असते. वैद्य विचारतो, हा उजेड तिला कुठून मिळाला? दासी सांगते, दिवा सतत जवळ असतो, तशी तिचीच आज्ञा आहे. दाट रात्रीला बोलावणाऱ्या बाईला आता क्षणभरही अंधार सोसत नाही. डंकनच्या खुनानंतर जिने थोड्याशा पाण्याने आपण मोकळे होऊ असे म्हटले होते, तीच आता हात चोळत राहते आणि म्हणते की अरबस्तानातली सगळी अत्तरेही हा लहानसा हात सुगंधी करणार नाहीत. ती स्वतः ‘मला पश्चात्ताप होतो’ असे एकदाही म्हणत नाही. पश्चात्ताप हा शब्द गाइडचा आहे. नाटकात मेणबत्ती आहे, हात आहे आणि न जाणारा वास आहे.

त्यानंतर चारच प्रवेशांनी मॅकबेथला राणी मेल्याची बातमी मिळते, आणि उद्या, उद्या आणि उद्या अशा रांगणाऱ्या दिवसांविषयी बोलता बोलता तो म्हणतो : विझ, विझ, क्षणभंगुर मेणबत्ती. तिच्या हातातली मेणबत्ती प्रेक्षकांनी नुकतीच पाहिलेली असते. मॅकबेथने ती पाहिलेली नाही. बायकोसाठी त्याच्या डोळ्यांत पाणी नाही असे त्या भाषणावरून पुष्कळांना वाटते. मला ते भाषण त्याने तिच्यासाठी केलेले शेवटचे बोलणे वाटते. कोणतेही वाचन स्वीकारा, पण आधार या मेणबत्तीतच शोधावा लागेल.

पद्य का, आणि गद्य कुठे?

शाळेत आपण वृत्ते शिकतो तेव्हा लघु-गुरू मोजतो. इंग्रजीत आघात मोजतात. शेक्सपिअरच्या बहुतेक ओळींत एक हलका आणि एक जोरकस उच्चार अशा पाच जोड्या असतात, यमक बहुधा नसते. या रचनेचे नाव आयंबिक पेंटामीटर. नाव परीक्षेपुरते लक्षात ठेवावे. महत्त्वाचे आहे ते ही चाल कुठे बदलते. ‘टुमॉरो, अँड टुमॉरो, अँड टुमॉरो’ ही ओळ ठेका धरून म्हटली की जोर ‘अँड’ या रिकाम्या शब्दावर पडतो आणि दिवस ढकलल्यासारखे वाटतात. चेटकिणी ‘डबल, डबल, टॉइल अँड ट्रबल’ म्हणतात तेव्हा जोर पहिल्याच उच्चारावर येतो, ओळ आखूड होते आणि यमक येते. त्या माणसांच्या चालीत बोलत नाहीत. खुनानंतर लगेच नवराबायको एकेका शब्दात बोलतात : कधी? आत्ता. मी उतरताना? हो. एकच ओळ दोघांत तुटते, आणि दोघांचा श्वास अडकलेला ऐकू येतो.

झोपेत चालण्याच्या प्रवेशात लेडी मॅकबेथ गद्यात बोलते. आधीच्या सगळ्या प्रवेशांत तिचे स्वतःचे बोलणे पद्यात होते. आता ते तुकड्यांत येते : डाग, घड्याळाचे ठोके, म्हाताऱ्याच्या अंगात इतके रक्त असेल असे कोणाला वाटले असते, फाइफच्या सरदाराला बायको होती, ती कुठे आहे. शेवटचा तुकडा मॅकडफच्या बायकोविषयी आहे. तो खून तिला सांगून झालेला नव्हता, तरी ती त्याचा हिशेब आपल्याकडेच ठेवते.

‘मग कोणीही काहीही अर्थ लावावा का?’

नाही. शब्दांचा आधार दाखवता येईल तेवढेच अर्थ चालतात, आणि ते एकाहून अधिक असू शकतात. लेडी मॅकबेथ नवऱ्यावरच्या प्रेमापोटी पुढे झाली, असे म्हणणाऱ्याला पत्रातले ‘माझ्या थोरवीच्या प्रिय भागीदारा’ हे संबोधन दाखवता येते. तिला स्वतःला सत्ता हवी होती, असे म्हणणाऱ्याला तेच पत्र वाचून ती कशी पेटते ते दाखवता येते. दोघांनाही पूर्ण गुण मिळू शकतात. चेटकिणींनी मॅकबेथवर मंत्र टाकून खून करवला, असे लिहिणाऱ्याला मात्र दाखवायला ओळ सापडणार नाही. लातूर-नांदेडच्या मुलांना चार पर्यायांतून एकच बरोबर उत्तर शोधण्याची कडक सवय असते आणि त्या सवयीने हजारो घरांचे भले झालेले आहे. इथला नियमही कडकच आहे. फक्त तो उत्तराला लागू न होता पुराव्याला लागू होतो.

‘एवढे सगळे लेखकाच्या मनात होते का?’

हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला काही अंशी ठोस उत्तर देता येते, कारण शेक्सपिअरने ही कथा ज्या ग्रंथातून घेतली तो उपलब्ध आहे. राफाएल होलिनशेड यांच्या इतिवृत्ताची दुसरी आवृत्ती १५८७ मध्ये निघाली. त्यात डंकन हा दुबळा राज्यकर्ता आहे, बँको खुनाच्या कटात सामील आहे, आणि मॅकबेथ राजा झाल्यावर बरीच वर्षे चांगला कारभार करतो. शेक्सपिअरने डंकनला साधुवृत्तीचा केले, बँकोला कटातून बाहेर काढले आणि चांगल्या कारभाराची वर्षे गाळली. १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेला पहिला जेम्स हा बँकोचा वंशज मानला जाई, हे त्यामागचे एक कारण असणार. पण खुनाआधी मॅकबेथला कोणतीही सबब उरू नये, हाही त्या बदलांचा परिणाम आहे.

मॅकबेथच्या बायकोविषयी होलिनशेडच्या वृत्तान्तात जवळजवळ एकच वाक्य आहे. ती फार महत्त्वाकांक्षी होती, राणी म्हणवून घेण्याच्या इच्छेने जळत होती आणि तिने नवऱ्याला भरीला घातले. म्हणजे गाइडमधली विशेषणे शेक्सपिअरने लेखणी उचलण्यापूर्वीच तयार होती. पाजलेले बाळ, वडिलांसारखा दिसणारा झोपलेला म्हातारा, थोडेसे पाणी, मेणबत्ती आणि अत्तर हे सगळे त्या एका वाक्यात नव्हते. जो विद्यार्थी फक्त विशेषणे लिहितो, तो होलिनशेड लिहितो. परीक्षकाने विचारलेले असते शेक्सपिअरविषयी.

‘मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला हे झेपेल?’

झेपते, क्रम बदलला तर. आधी मराठीतून नाटक वाचावे. वि. वा. शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून ‘राजमुकुट’ लिहिले. त्याआधीच देवलांनी ‘ऑथेल्लो’चे ‘झुंझारराव’ आणि आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले होते. मराठी वाचकाला शेक्सपिअर परका नाही. मराठीतून कथा आणि माणसे ओळखीची झाली की मूळ इंग्रजीचे मोजके उतारे मोठ्याने वाचावेत. जुने शब्द तळटिपांतून कळतात, पण ठेका फक्त कानाला कळतो. किनवट किंवा भोकरदनच्या मुलाचा उच्चार लंडनसारखा नसला तरी काही बिघडत नाही, आघात जागेवर पडला म्हणजे झाले.

उत्तर लिहिताना एक सवय लावावी. विशेषण आधी लिहू नये. आधी वाक्य घ्यावे, ते कोण कोणाला कोणत्या क्षणी म्हणते ते लिहावे, त्यातल्या एखाद्या शब्दावर किंवा चित्रावर थांबावे, तोच शब्द नाटकात आणखी कुठे आला आहे ते जोडावे, आणि मग स्वभावाविषयीचा निष्कर्ष मांडावा. इंग्रजी न येणारे आईवडीलही यात मदत करू शकतात. मुलीने पाठ केलेला उतारा तिच्याकडून मराठीत सांगून घ्यावा आणि विचारावे : हे ती कोणासमोर म्हणते? तो नसता तर असेच म्हणाली असती का? मागे ती वेगळे काही म्हणाली होती का?

वेळ कमी असेल, तर लेडी मॅकबेथसाठी पहिल्या अंकाचा पाचवा आणि सातवा, दुसऱ्याचा दुसरा, तिसऱ्याचा दुसरा आणि पाचव्याचा पहिला हे प्रवेश मुळातून वाचावेत. मॅकबेथसाठी त्यात पहिल्या अंकाचा चौथा, तिसऱ्याचा मेजवानीचा आणि पाचव्याचा पाचवा प्रवेश जोडावा.